रेडीहून तेरेखोल: गोव्याचं गाव, पण नदीच्या आपल्या अंगाला

मागच्या महिन्यात वेंगुर्ल्याहून बाईकने तेरेखोलला जाऊन आलो, कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

तेरेखोल नदी म्हणजे इथे महाराष्ट्र-गोव्याची हद्द, पण हे एवढं एकच गाव नदीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला असूनही गोव्याच्या पेडणे तालुक्यात. कारण किल्ला. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो आणि बरोबरचे सत्याग्रही आत घुसले, तिरंगा लावला, आणि मग पकडले गेले. १९६१ पर्यंत ही राज्याची नाही, देशाची हद्द होती हो!

माझ्या आजीचं माहेर पेडण्याचं, सासर शिरोड्याचं. आई सांगते, येणंजाणं बंद झालं त्या दिवसांत आजीचे वडील वारले ते तिला बाराव्यानंतर कळलं. मधे किती, तर एक नदी. म्हणून मला हे गाव नुसतं फोटो काढून परत यायचं वाटत नाही.

वाटेत शिरोड्याची मिठागरं लागतात, पुढे रेडीचा द्विभुज गणपती आणि यशवंतगड, सकाळ तिथेच जाते. एसटीने आलात तर रेडीला उतरून रिक्षा बघा. पुढे चढण, आणि मग हद्द कधी आली ते कळतच नाही, दुकानाच्या पाटीवर गोवा वाचलं तेव्हा समजलं.

किल्ला लहान, जांभ्याचा, आत सेंट अँथनीचं चर्च. तटावर उभं राहिलं की खाली नदीचं मुख आणि पलीकडे केरीची वाळू, चालणारी माणसं दिसतात इतकी जवळ. बाजूला बसलेल्या मावशी म्हणाल्या, "आधी हयसून पलीकडे जावक पाखल्याचो कागद लागायचो." पाखला म्हणजे पोर्तुगीज. मी त्यांना आजीचं सांगितलं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता महत्त्वाचं. केरीला जायला फेरीबोट आहे, बाईकही चढते, पण पाणी फार उतरलं की थांबवतात. आम्ही अष्टमीला बारा वाजता पोचलो, म्हणजे बरोब्बर सुकतीला! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, मग बाराला ओहोटी, हा हिशोब घरातल्या लहान पोरालाही येतो आणि तरी बघून निघालो नाही. तुम्ही बघून निघा. थांबायचं नसेल तर मागे येऊन आरोंद्याच्या पुलावरून किरणपाणीला उतरा. आणि परमिट नसताना बाटली आणू नका, गाव आपल्या बाजूला असलं तरी कायदा गोव्याचा संपला की आपला सुरू.

आम्ही जेट्टीवर सावलीत बसून राहिलो. तीनच्या सुमाराला बोट सुटली, काही मिनिटांत केरी. संध्याकाळचा चहा आजीच्या माहेरच्या ओसरीवर घेतला.