आधी सावकार, मग बँक

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली आणि त्याच हंगामात वडिलांना अर्धांगवायू झाला. त्यामुळे पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि सावकाराची रक्कम असे तिहेरी ओझे घरावर आले. सावकाराचा दर शेकडा पाच रुपये महिना, म्हणजे वर्षाला ६० टक्के होता, तर ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र सरकारच्या व्याज सवलतीमुळे ४ टक्क्यांनी पडते. नोटीस बँकेची येते म्हणून माणूस आधी बँकेकडे धावतो; माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आम्ही बैलजोडी विकली (आई दोन दिवस जेवली नाही) आणि सगळी रक्कम सावकाराच्या मुदलात भरली.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुदलाहून जास्त व्याजही वसूल करता येत नाही. गावात हे पुष्कळांना ठाऊक असते, परंतु पुढच्या पेरणीला त्याच दारात जायचे असल्यामुळे कोणी बोलत नाही. बँकेकडे मात्र आम्ही कर्जाचे पुनर्गठन मागितले, ज्यामुळे हप्ते लांबले, पण पुढे नेहमीचा व्याजदर लागला. कृषी केंद्राची उधारी तुरीच्या पैशांतून थोडी थोडी फिटत गेली.