आयसीयू न्यू जर्सीत, घर दांडिया बाजारात

न्यू जर्सीतला मुलगा आयसीयूत आहे असा फोन आला की बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर आधी विमानाच्या तिकिटामागे धावतं. तिकीट नंतर. त्याआधी रुग्णाच्या फाइलवर आपलं नाव चढलं पाहिजे.

अमेरिकेत १९९६चा हिपा कायदा रुग्णाची माहिती जपतो. रुग्ण शुद्धीवर असेल तर ती सांगायला त्याचा होकार लागतो, निदान त्याची हरकत नसावी लागते. बेशुद्ध असेल तर त्याच्या हिताचं वाटल्यास डॉक्टर जवळच्यांशी बोलू शकतात. पण फोनवरचा माणूस खरंच बाप आहे, हे नर्सने ओळखायचं कसं? म्हणून बरीच आयसीयू कुटुंबाला एक सांकेतिक शब्द किंवा आकडा देतात. तिथे पोचलेल्या मित्राकडून तो घ्या आणि फोन एकानेच करा. मामा, काका, आत्या असे तिघांनी केले की तिघांच्या हाती तीन अर्धवट गोष्टी येतात आणि भांडण बडोद्यात होतं.

नर्सची पाळी बहुधा सकाळी आणि संध्याकाळी सातला बदलते, तेव्हा फोन नको. सकाळी डॉक्टरांचा राउंड असतो, त्यामुळे तिथली दहा ते बाराची वेळ बरी. उन्हाळ्यात ते आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात ते साडेनऊ. थंडीत एक तास उशिरा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला तो फुकट द्यावाच लागतो. मराठी लगेच नाही मिळाला तर गुजराती मागायचा, बडोदेकराची तेवढी सोय आहेच.

मुलगा विवाहित असेल आणि स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर, आधी कुणाला लेखी नेमलेलं नसल्यास, उपचारांचा निर्णय बहुतेक राज्यांत पहिल्यांदा बायकोचा असतो. बडोद्यातून सासऱ्यांनी हुकूम सोडले तरी कागदावर त्यांना किंमत नाही, आणि खाटेशी बसलेल्या सुनेचा जीव मात्र नकोसा होतो. ती नोकरी करत असेल तर रजेचं बघा. पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीत वर्ष आणि १,२५० तास भरले असतील तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, नोकरी सुरक्षित राहते. त्या कायद्यात सख्खा भाऊ बसत नाही. न्यू जर्सीच्या राज्य कायद्यात बसतो.

हॉस्पिटलमधला खरा कामाचा माणूस म्हणजे सोशल वर्कर. व्हिसासाठीचं पत्र त्याच्यामार्फत मागा: रुग्णाचं नाव, आजार, नातं, नातेवाइकाने येणं का गरजेचं आहे, डॉक्टरांची सही आणि फोन. नुसतं ‘रुग्ण दाखल आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र कमकुवत ठरतं. त्याआधी आईचा जुना पासपोर्ट शोधा. मुदत संपलेल्या पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर दोन्ही पासपोर्ट घेऊन जाता येतं. व्हिसा नसेल तर मुंबई गाठायची. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा, फी भरा, मिळेल ती साधी तारीख घ्या, मग तातडीच्या तारखेची विनंती करा. ती मंजूर होईपर्यंत साधी तारीख सोडू नका. घाईत हीच चूक होते.

बिलाच्या आकड्याने घाबरून पहिल्याच पत्रावर पैसे भरू नका, बाबवार बिल मागा. ना-नफा हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं, आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. तो अर्ज करण्याआधीच नातेवाइकांत वर्गणी सुरू करणं आम्हाला तरी पटत नाही.

आई निघणार असेल तर तिचा वैद्यकीय विमा विमानात बसण्याआधी काढा. जुना रक्तदाब, मधुमेह यांवर तो किती पैसे देतो ते नीट वाचा. बऱ्याच पॉलिसी तिथेच हात वर करतात. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.