नेरच्या तलावावर गळ टाकायला जाताना

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की कोरेगाव मागं पडतं, वर्धनगडाचा घाट ओलांडला की खटाव तालुका लागतो आणि उसाचा हिरवा रंग पातळ होत जातो. पुसेगावात चहा घ्यायचा आणि तिथून नेरकडं वळायचं. येरळा नदीवरचा हा ब्रिटिश काळातला तलाव. या भागातले बाकीचे तलाव बहुतेक परतीच्या पावसाच्या भरवशावर असतात. नेरमध्ये मात्र आता जिहे-कठापूर उपसा योजनेतून कृष्णेचं पाणीही येतं. गळवाल्याच्या दृष्टीनं ही मोठीच उलथापालथ. दिवाळीनंतर पाणी नुसतं उतरतच जाणार, हा जुना हिशोब इथं चालत नाही. उपसा सुरू असला की भर उन्हाळ्यातही पाणी चढतं आणि मासा जागा बदलतो.

म्हणून काठी जोडायच्या आधी आम्ही काठ बघत फिरतो. पाणी उतरत असेल तर कडेला काळ्या ओल्या चिखलाचा पट्टा दिसतो, त्यावर बगळ्यांच्या पायांचे ठसे असतात आणि दगडावरची शेवाळाची रेघ पाण्यापेक्षा वर राहिलेली असते. पाणी चढत असेल तर हरळी हिरवीगार असतानाच पाण्यात उभी दिसते. काड्या, लेंड्या आणि फेस अगदी पाण्याच्या टोकाला रांगेत लागलेले असतात. चढत्या पाण्यात लांब फेकू नका. नव्यानं भिजलेल्या मातीतून किडे, गांडुळं बाहेर पडतात आणि त्यांच्या मागं मासा गुडघाभर पाण्यात येतो. उतरत्या पाण्यात तो उथळ काठ सोडून जुन्या नदीपात्राच्या खोलीत जातो. तिथं रीळ लागतं, बांबूची काठी पुरत नाही.

खोलीचं गणित माशाच्या तोंडावरूनही कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सिप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी. रोहू-कटला-मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळं तलावात त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागतात. चिलापीला असल्या कशाची गरज नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि पिल्लं वाढतच राहतात. नवख्यानं चिलापीपासूनच सुरुवात करावी, ती कुणाला निराश करत नाही. मात्र गळातून सोडवताना डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत पाठीवरचे काटे दाबून धरा, नाहीतर तळहात फाटतो.

चिलापीला ०.२० मिमीचा तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), १० नंबरचा गळ आणि गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. अख्खं गांडूळ लावलं की ती लोंबणारं टोक तोडून नेते आणि तरंगा नुसता नाचत राहतो. रोहू-मृगळला ०.३५ मिमी तंगूस आणि ६ नंबरचा गळ. शिसं गळापासून वीतभर वर; अगदी जवळ लावलं तर आमिष तोंडात घेताच माशाला वजन जाणवतं आणि तो ते थुंकतो.

गोळ्यासाठी दोन वाट्या शेंगपेंड भाजून कुटून घ्या, एक वाटी कणीक, अर्धी वाटी फुटाण्याचं पीठ, चमचाभर कुटलेली बडीशेप. पाणी तलावाचंच, थोडं थोडं. भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा आणि अर्धा तास ओल्या फडक्यात ठेवा. हरभऱ्याहून थोडी मोठी गोळी करून कडेच्या पाण्यात टाकून बघा: दहा मिनिटं टिकून हळूहळू सुटायला हवी. लगेच विरघळली तर कणीक कमी पडली. दगडासारखी राहिली तर कणीक जास्त झाली; असल्या गोळीत गळाचं टोक अडकून बसतं, माशाच्या ओठात शिरत नाही. पावसानंतर पाणी गढूळ असेल तर गोळीचा नाद सोडून गांडूळ लावलेलं बरं.

वारा तोंडावर येईल अशा काठावर बसा. त्रास होतो, पण लाटांबरोबर खाणं त्याच काठाला गोळा होतं. ढगाळ पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ती भूक नव्हे, पाण्यात प्राणवायू कमी झालेला असतो. अशा वेळी काहीही लावा, ओढ लागत नाही. ऊन पडून वारा सुटेपर्यंत थांबावं.

मोठा रोहू लागला की पहिली धाव लांब असते. तेव्हा ढील द्या. हट्टानं ओढलं तर तंगूस गाठीपाशी तुटतो. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीनं ओली केली तर हे बरंच टळतं. काठाला वेडी बाभूळ असेल तर मात्र फार ढील परवडत नाही.

तलावाचा मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो, त्यामुळं आधी परवानगी विचारा आणि त्यांच्या जाळ्याच्या तरंग्यांपासून लांब बसा. मायणीच्या तलावावर गळ नेऊ नका, ती जागा पक्ष्यांसाठी राखीव आहे. सुकलेला दिसणारा गाळ वरून भेगाळलेला आणि आत लोण्यासारखा असतो. काठीनं चाचपूनच पाय टाका. तुटलेला तंगूस खिशात घाला, तो बगळ्यांच्या पायात अडकतो.

मरळ मिळाली तर तिथंच साफ करत बसू नका. ती हवेतूनही श्वास घेते, ओल्या पोत्यात गुंडाळली की घरापर्यंत जिवंत राहते. घरी तिला चुलीतली राख चोळली की बुळबुळीतपणा जातो आणि मग सुरी घसरत नाही.