तुम्ही विचारलंत म्हणून: चोच मोडलेली नाही त्याची

गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर कुणाच्या हातात दुर्बीण दिली की प्रश्न ठरलेला: "अहो, त्या करकोच्याची चोच अशी का? कुणी दगड मारला का बिचाऱ्याला?" एका काकूंनी तर पक्ष्यांच्या डॉक्टरची चौकशीही सुरू केली होती.

नाही हो, धडधाकट आहे तो. मुग्धबलाक म्हणतात या करकोच्याला. चोच मिटली तरी मधे फट राहते, पलीकडचं पाणी दिसावं एवढी. मग पुढचा तर्क येतोच, की यात गोगलगाय धरून अडकित्त्यासारखी फोडत असणार. तुम्हीच कशाला, ज्युलियन हक्सलीसारख्या जीवशास्त्रज्ञानेही १९६०च्या सुमारास जुने नमुने आणि नोंदी तपासून हाच निष्कर्ष काढला होता.

पण हे पक्षी चरून गेले की मागे राहिलेले शंख उचलून बघा. पुष्कळसे अख्खे सापडतात. खरं काम चालतं टोकाशी, तेही बहुतेकदा पाण्याखाली, म्हणून आपल्या नजरेतून सुटतं. वरच्या चोचीने शंख चिखलात दाबून धरायचा. खालच्या चोचीचं टोक बारीक, किंचित उजवीकडे वळलेलं. ते शंखाच्या तोंडावरच्या झाकणाच्या कडेने आत सारायचं आणि गोगलगायीला शंखाशी बांधून ठेवणारा स्नायू कापायचा. काठावरून दिसतं ते इतकंच: मान खाली, डोकं भराभर हलतंय, आणि एकदम चोचीत लोंबणारा मऊ गोळा. गिळला, संपलं. शंख बुळबुळीत असला तरी निसटत नाही, कारण वरच्या चोचीच्या कडा ब्रशसारख्या खरबरीत असतात.

मग फट हवी कशाला? गंमत म्हणजे पिल्लांना ती नसतेच, वयाबरोबर येते. फटीमुळे टोकांची पकड पक्की बसते असं एक मत आहे. पटण्यासारखं आहे, पण बंद चोचीची पोरंही गोगलगायी खातातच की!

थायलंडात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या गोगलगायींनी भातशेतीचा फडशा पाडायला सुरुवात केली, तेव्हा तिथे मुग्धबलाकांची चंगळ झाली. शेतकऱ्याला याहून स्वस्त गडी कुठे मिळणार?

आणि हो, भर उन्हात एखाद्या करकोच्याचे पाय चुना फासल्यासारखे दिसले, तर तोही आजार नव्हे. ही मंडळी मुद्दाम स्वतःच्याच पायांवर शिटतात. ओल वाळते, पाय गार होतात, पायातून वर जाणारं रक्तही.