सर्व्हिस डॉग स्वतः शिकवला, अडलं ट्रेनरच्या रकान्यात

मला टाइप १ डायबेटिस आहे आणि शुगर खाली गेलेली अनेकदा कळतच नाही, म्हणून लो (शुगर फार खाली जाणं) ओळखणारा सर्व्हिस डॉग, म्हणजे आजारात किंवा अपंगत्वात मदत करायला शिकवलेला कुत्रा, हवा होता. इथे अमेरिकेत संस्थेकडून तयार कुत्रा घेता येतो, पण प्रतीक्षायादीत वर्षं जातात. स्वतः शिकवायलाही कायद्याची पूर्ण मुभा आहे, म्हणून तो मार्ग घेतला. शिकवणं सुरळीत पार पडलं. अडलं ते विमान कंपनीच्या फॉर्मवर, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

सर्व्हिस डॉगला विमानात सोबत न्यायचं तर भरायचा हा अमेरिकेच्या परिवहन खात्याचा फॉर्म. ११ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार कंपन्या तो मागू शकतात. कुत्र्याचं वजन, व्हेटचं नाव, रेबीजच्या लशीची तारीख आणि मुदत एवढं भरून झालं की येतो ट्रेनरचा किंवा प्रशिक्षण संस्थेचा रकाना. तिथे माझंच नाव आणि फोन नंबर लिहिला. कंपनीच्या अपंग प्रवासी कक्षाने ‘संस्थेचं प्रमाणपत्र जोडा’ म्हणत फॉर्म परत पाठवला. नियम समजावून पुन्हा पाठवला, तरी उत्तर तेच. कुत्रा संस्थेनेच शिकवलेला असावा अशी अट कायद्यात कुठेही नाही, आणि ज्यांनी तो नियम राबवायचा त्यांनाच तो ठाऊक नसावा, हे संतापजनक आहे.

अशा वेळी कक्षाशी ईमेलवर वाद घालत बसू नका. सरळ ‘सीआरओ’ मागा. प्रत्येक कंपनीला असा तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो, तो फोनवरही मिळतो आणि कर्मचाऱ्यांचा निर्णय फिरवायचा अधिकार त्याला असतो. नकार कायम राहिला तर कारण लेखी मागा. १० दिवसांच्या आत ते देणं बंधनकारक आहे. नुसतं ‘लेखी द्या’ म्हटल्यावरच समोरचा सूर बदलतो. फॉर्म ४८ तास आधी मागता येतो, पण तिकीटच त्याहून उशिरा काढलं असेल तर ती अट लावता येत नाही. मी सोबत सरावाची वही ठेवतो. ती कोणी मागू शकत नाही, पण फोनवर बोलताना तारखा हाताशी असतात.

ऑनलाइन ‘नोंदणी’, ओळखपत्र, प्रमाणपत्र विकणाऱ्यांना एक डॉलरही देऊ नका. सक्तीची सरकारी नोंदणी असा प्रकारच नाही. दुकानात, हॉटेलात अपंगांच्या हक्कांचा केंद्रीय कायदा (एडीए) लागू होतो, आणि त्यानुसार दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? शिकाऊ कुत्र्याला मात्र हा केंद्रीय कायदा लागू नाही. त्यासाठी आपल्या राज्याचा कायदा बघा.

आता वासाचं, म्हणजे लो असतानाच्या घामाचा वास कुत्र्याला ओळखायला शिकवण्याचं. शुगर ७० च्या खाली गेली की आधी ग्लुकोज तोंडात टाका, नमुना त्यानंतर. मानेवरचा घाम निर्जंतुक गॉझने टिपून झिपच्या पिशवीत, वर तारीख आणि आकडा लिहून, फ्रीझरमध्ये. गॉझला चिमट्यानेच धरा, नाहीतर कुत्रा तुमच्या बोटांचा वास शिकतो. साखर खाल्ल्यावर लाळेचा नमुना घेऊ नका. सर्वांत जास्त चुकतं ते इथे: फक्त लो असतानाचेच नमुने वापरले जातात. मग कुत्रा कोणत्याही गॉझवर इशारा देतो. सरावाला नमुने वेगवेगळ्या डब्यांत ठेवताना शुगर १०० ते १३० असतानाचे नमुने आणि कोरे गॉझही मिसळा, आणि बक्षीस फक्त लो नमुन्याच्या डबीवर.

कुत्रा कितीही तयार झाला तरी अंगावरचा शुगर मोजणारा सेन्सर काढू नका. काही लो कुत्र्याकडून सुटतातच.

पिल्लू निवडताना धीट आणि खाण्यासाठी काम करणारं बघा. मोठ्या आवाजाने दचकलं तरी चालेल, पण लगेच सावरलं पाहिजे.

आणि हो, विमानप्रवास ८ तास किंवा अधिक असेल तर कंपनी दुसरा फॉर्मही मागू शकते: कुत्रा तेवढा वेळ शी-शू करणार नाही, किंवा घाण न होता करू शकतो. तो पहिल्यासोबतच पाठवून द्या.