भय शुद्धीतल्या माणसाला

दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्या गेलेल्या माणसाला शिक्षा केली, तर तो पुन्हा तसे करायचे थांबतो का, हा प्रश्न आज दिवसभर मनात घोळत राहिला. अपघाताची बातमी वाचली की अशा चालकाचा परवाना जन्मभरासाठी काढून घ्यावा, असे मलाही वाटते. मात्र संताप ओसरल्यावर, शिक्षेचे भय नेमके कोणत्या क्षणी आपले काम करत असेल, याचा विचार सुरू होतो.

शिक्षेने काहीच साधत नाही, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन हॅन्सन यांनी वॉशिंग्टन राज्यातील १९९९ ते २००७ या काळातील श्वासचाचण्यांच्या नोंदी अभ्यासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील कायदेशीर मर्यादा रक्तातील ०.०८ टक्के मद्यार्काची. या रेषेच्या किंचित अलीकडे आणि किंचित पलीकडे सापडलेली माणसे सवयींच्या बाबतीत जवळजवळ सारखीच असतात. फरक एवढाच की पलीकडच्यांना शिक्षा होते आणि अलीकडचे बहुधा सुटतात. पलीकडच्यांमध्ये पुन्हा तोच गुन्हा करण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा दिलासा देणारा आहे खरा, पण जे एरवी पुन्हा पिऊन गाडी चालवणारच होते, त्यांच्यातील बहुसंख्यांना शिक्षा अडवू शकली नाही, हेही त्यातूनच दिसते.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. परिणामांचा विचार माणूस शुद्धीत असताना करतो, आणि गाडीची किल्ली मात्र तो शुद्ध हरपत आलेली असताना फिरवतो. 'मला काही चढलेली नाही' हा निर्वाळा ज्या मेंदूकडून मिळतो, त्यावरच दारूचा अंमल बसलेला असतो. त्या क्षणी काही महिन्यांनी उभ्या राहणाऱ्या खटल्याची काय मातब्बरी? म्हणून भय उपयोगी पडायचेच असेल तर ते पहिला पेला भरण्याआधी, किंबहुना गाडी घेऊन घराबाहेर पडण्याआधी मनात असले पाहिजे, आणि ते तिथे टिकते ते शिक्षेच्या कठोरपणामुळे नव्हे, तर पकडले जाण्याच्या खात्रीमुळे. इटलीतील विचारवंत बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच हे सांगून ठेवले होते.

ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने श्वासचाचणी आली, तेव्हा रात्रीचे अपघात एकदम घटले. पण पकडले जाण्याची शक्यता प्रत्यक्षात फारच थोडी आहे हे चालकांच्या ध्यानात आले, तसा परिणाम विरत गेला. कायदा तोच होता, शिक्षाही तीच होती. याउलट ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर १९८२ पासून कोणत्याही चालकाला संशयाशिवाय थांबवून तपासण्यास सुरुवात झाली, ती मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांना दिसेल अशी चालू राहिली, आणि तेथील घट टिकली.

ज्यांना व्यसनच जडले आहे, त्यांचे काय, हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. अमेरिकेतील साउथ डकोटामध्ये २००५ साली सुरू झालेल्या उपक्रमात अशा गुन्हेगारांची सकाळ-संध्याकाळ श्वासचाचणी होते आणि मद्य आढळले की त्यांना लगेच, पण थोड्याच काळासाठी, कोठडीत ठेवले जाते. एखाद्या रात्रीची ही कोठडी दूरच्या मोठ्या तुरुंगवासापेक्षा अधिक परिणामकारक ठरावी, यात मला काही नवल वाटत नाही, कारण ती चुकणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक असते. तेथे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पुन्हा होणाऱ्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या.

श्वासात मद्य आढळल्यास इंजिन सुरूच होऊ न देणारे यंत्रही गाडीत असेपर्यंत चांगले काम करते, पण ते काढल्यावर बरेच जण पूर्ववत वागू लागतात. काही ठिकाणी आता ठरलेली मुदत भरली एवढ्यावर ते काढत नाहीत. शेवटचे काही महिने एकही चाचणी फसलेली नाही, अशी नोंद त्यासाठी दाखवावी लागते. ही अट मला पटते. फक्त त्या मुदतीतच व्यसनावरचे उपचारही सक्तीने सुरू व्हावेत, एवढी भर मी तीत घालीन.