फुगलेली बॅटरी आणि जर्मनीतील विक्रेत्याची जबाबदारी

जर्मनीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो, की इथे घेतलेल्या लॅपटॉपची बॅटरी बिघडली तर उत्पादक कंपनीच्या वॉरंटीआधी विक्रेत्याच्या कायदेशीर जबाबदारीकडे पाहावे.

माझ्या लॅपटॉपचा टचपॅड एका कडेने वर आला आणि झाकण नीट मिटेना, तेव्हा बॅटरी फुगली असल्याचे कळले. लिथियम-आयन बॅटरीतील इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन आत वायू साठला की असे होते. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये आणि टोचण्याचा तर विचारही करू नये. मी लॅपटॉप बंद करून फोटो काढले आणि पावतीसह विक्रेत्याला ईमेल पाठवला. ‘बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, कंपनीकडे तक्रार करा’, असे उत्तर आले.

हे उत्तर मान्य करण्याचे काहीच कारण नव्हते. वापराने बॅटरीची क्षमता हळूहळू घटणे ही झीज आहे. वर्षाच्या आत बॅटरी फुगणे ही झीज नव्हे. कंपनीची वॉरंटी ही तिने स्वेच्छेने दिलेली हमी असते आणि बॅटरीसाठी तिची मुदत अनेकदा कमी असते. विक्रेत्याची जबाबदारी मात्र कायद्यानेच येते आणि नव्या वस्तूसाठी ती साधारणपणे २ वर्षे असते. शिवाय १ जानेवारी २०२२ पासूनच्या खरेदीत पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो मुळातलाच होता असे जर्मन नागरी संहितेचे कलम ४७७ गृहीत धरते. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. दुरुस्ती हवी की बदली, हे कलम ४३९ नुसार ग्राहक ठरवतो आणि वाहतुकीचा खर्चही विक्रेत्याकडेच असतो.

ही दोन्ही कलमे नमूद करून आणि मुदत घालून मी पुन्हा लिहिले, तेव्हा सूर बदलला. सदोष लिथियम बॅटरी साध्या पार्सलने पाठवता येत नाही, तिला विशेष वेष्टन लागते. तेही त्यांनीच पाठवले आणि बॅटरी बदलून मिळाली.

भारतातून आणलेल्या लॅपटॉपसाठी इथल्या विक्रेत्याला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे कंपनीची वॉरंटी जर्मनीत चालते का आणि तीत बॅटरी येते का, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. फुगलेली बॅटरी दुरुस्तीसाठी विमानाने मायदेशी नेण्याची परवानगी नसते.